तलवार कशी पाहावी

हैदराबादला तलवारीचं अप्रूप नाही. बारकसमधल्या वरातीत मरफाचा ठेका धरला की जंबिये आणि तलवारी हवेत नाचू लागतात. गुरू नानक जयंतीच्या नगर कीर्तनात तरुण शीख गतका खेळत रस्त्यानं पुढे सरकतात आणि माणसं फुटपाथवर गोल करून उभी राहतात. शिवजयंतीच्या मिरवणुकीत लाठी-काठीमागोमाग तलवार आणि दांडपट्टा येतो. हद्रमौतहून आलेले अरब, पंजाबातून आलेले शीख आणि निजामाच्या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले आपण मराठी, अशा तिघांच्या तलवारी या शहरानं पाहिल्या आहेत. तिन्हींमध्ये वाद्य आहे, गर्दी आहे, गिरकी आहे. इथल्या माणसाची नजर फिरत्या पात्यावर पोसली गेली आहे.

याच शहरात कराटेच्या एखाद्या स्पर्धेनंतर किंवा महाविद्यालयाच्या सभागृहात जपानी तलवारीचं प्रात्यक्षिक लागतं. ढोल नसतो. एक माणूस येतो, गुडघे मोडून बसतो, तलवारीला नमस्कार करतो आणि बराच वेळ काहीच करत नाही. मग एका श्वासात पातं बाहेर येतं, आडवा वार, उभा वार, आणि पुन्हा सगळं संथ. प्रेक्षक गोंधळतात. टाळी कुठे द्यायची ते कळत नाही. भिजवलेल्या चटईच्या गुंडाळीचे दोन तुकडे झाले की मात्र सभागृह दणाणून जातं. जाणकारांची नजर ज्या क्षणाची वाट पाहत असते, तो त्याच्यानंतर येतो. तोपर्यंत मोबाइल खाली गेलेले असतात आणि माणसं शेजाऱ्याशी बोलू लागलेली असतात.

हे पुस्तक त्या प्रेक्षकासाठी आहे. तलवार शिकवण्याचा त्यात दावा नाही. ते काम गुरूचं, आणि तेही वर्षानुवर्षांचं. पाहायला शिकवणं एवढंच इथे योजलं आहे, आणि ते काम लहान आहे असं मला मुळीच वाटत नाही. लढाया तलवारीनं होत होत्या तेव्हा परीक्षक वेगळा नेमावा लागत नव्हता. ज्याचा पवित्रा चुकला तो घरी परत येत नसे. ते दिवस गेले, हे चांगलंच झालं. पण त्यांच्याबरोबर विद्येची कसोटीही गेली. आता चुकीचा वार आणि बरोबर वार, दोघांनाही सारखीच टाळी मिळू शकते. शांततेच्या काळात ही विद्या खरी राहील की नुसता देखावा होईल, हे पाहणाऱ्यांच्या नजरेवर ठरतं. जपाननं ही जबाबदारी ओळखली आणि पाहण्याचं एक शास्त्र उभं केलं. म्हणून दक्षिणेतल्या मराठी वाचकानं जपानी तलवारीकडे लक्ष द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

प्रात्यक्षिकात साधारण तीन गोष्टी पाहायला मिळतात. पहिली एकट्याची: ठरलेल्या क्रमानं म्यानातून तलवार काढणं, वार करणं, रक्त झटकल्याची खूण करणं आणि तलवार म्यान करणं. याला इआइदो म्हणतात. त्या ठरलेल्या क्रमांना काता हा शब्द आहे, तो कराटेमुळे आपल्याकडे रुळलेला आहे. दुसरी जोडीची: दोघे बहुधा लाकडी तलवारी घेऊन ठरलेले डाव खेळतात. तिसरी कापण्याची, म्हणजे तामेशिगिरी: खुंटीवर उभी केलेली चटईची गुंडाळी, कधी हिरवा बांबू, खऱ्या धारदार पात्यानं कापून दाखवायचा.

एकट्याचा काता पाहताना सुरुवात कानापासून करावी. सिनेमात तलवार म्यानातून निघाली की खणखणीत आवाज होतो. आपल्या शहराभोवतीच तर ‘बाहुबली’चं चित्रीकरण झालं, तो आवाज आपल्या कानांत पक्का बसला आहे. जपानी म्यान होनोकी नावाच्या मऊ लाकडाचं असतं. पाठ खाली लावून, धार वर ठेवून पातं त्यातून सरकतं. नीट काढलेली तलवार जवळजवळ आवाज करत नाही. घासल्याचा, खरवडल्याचा आवाज आला तर धार म्यानाला आतून कापते आहे असं समजावं. शिकणाऱ्याच्या डाव्या हाताला होणाऱ्या जखमांचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

मग डाव्या हाताकडे पाहावं. नवखा प्रेक्षक उजवा हात पाहतो, कारण मूठ त्यात असते. पण तलवार निम्मी उजव्या हातानं निघते आणि निम्मी डाव्या हातानं. डावा हात म्यान मागे खेचतो, कंबर वळते, आणि उजव्या हाताला फारसं काही करावं न लागता पात्याचं टोक मोकळं होतं. डावा हात झोपलेला असेल तर खांदा वर उचलला जातो, कोपर बाहेर येतं आणि वार हातानं होतो, शरीरानं होत नाही. जपानी परीक्षक याला फार महत्त्व देतात. अखिल जपान केंदो महासंघानं (केंदो म्हणजे बांबूच्या तलवारींनी खेळायची झुंज) १९६९ मध्ये इआइदोचे सात काते प्रमाण म्हणून ठरवले, १९८० मध्ये तीन आणि २००० मध्ये दोन वाढवले. आज असे बारा आहेत. प्रत्येक कात्यासोबत परीक्षकानं काय पाहावं याची नोंद आहे. पहिल्याच कात्यातल्या नोंदी बघा. म्यान पुरेसं मागे खेचलं का? तलवार डोक्यावर नेताना टोक आडव्या रेषेच्या खाली झुकलं का? उभा वार संपताना टोक आडव्यापेक्षा किंचित खाली येऊन थांबलं का? यातली एकही नोंद वेगाविषयी नाही.

थांबणं हा या विद्येचा कणा आहे. दोन हातांनी धरलेली, एका धारेची, बाकदार तलवार पूर्ण ताकदीनं खाली येते आणि ठरलेल्या जागी थांबते. टोक थरथरत नाही, जमिनीकडे घसरत नाही. ते थांबवणारी शक्ती मनगटात नसते, पोटात आणि पायांत असते. म्हणून जाणकार वाराच्या क्षणी पाय पाहतात. पुढचा पाय टेकला तेव्हाच वार पूर्ण झाला की आधी-नंतर? मागची टाच तरंगते आहे का? मन, तलवार आणि शरीर एकाच क्षणी पोचलं पाहिजे अशी जपानी गुरूंची अपेक्षा असते, आणि ते पोचलं की नाही हे थोड्या सरावानं सभागृहाच्या शेवटच्या रांगेतूनही दिसतं.

आणि मग तो क्षण, जेव्हा मोबाइल खाली जातात. वार झाला, काल्पनिक शत्रू पडला, आता तलवार म्यान करायची आहे. डोळे कुठे आहेत? खरा खेळाडू समोर पडलेल्या माणसावरून नजर काढत नाही, म्यानाकडे पाहत नाही, प्रेक्षकांकडे तर नाहीच. डावा हात म्यानाचं तोंड चाचपतो, पात्याच्या पाठीची कड त्यावरून सरकते, टोक आपोआप तोंडात पडतं आणि पातं हळूहळू आत जातं. उजवा हात मूठ सोडेपर्यंत पुन्हा तलवार काढण्याची तयारी त्या शरीरात शिल्लक असते. या सावधपणाला झानशिन म्हणतात. ज्याचं मन शेवटच्या वाराबरोबर संपलं, त्याचे खांदे सैल पडतात, श्वास सुटतो, आणि म्यान करताना नजर खाली जाते. मला विचाराल तर प्रात्यक्षिक ओळखण्याची यापेक्षा खात्रीची जागा नाही. वेग शिकता येतो, पोशाख विकत घेता येतो. मारून झाल्यावर जागं राहण्याचं तेवढं सोंग आणता येत नाही.

कापण्याविषयी जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत. तातामीच्या वरच्या गवती आच्छादनाची गुंडाळी करून ती पाण्यात भिजत घालतात, निथळतात आणि खुंटीवर रोवतात. मध्ये हाडाच्या जागी कधी बांबू घालतात. धार चांगली असेल आणि पात्याचा मार्ग व धारेची दिशा एकाच रेषेत असेल, तर ती कापायला फारसं बळ लागत नाही. म्हणजे गुंडाळी कापली गेली यातून एकच गोष्ट सिद्ध होते: त्या क्षणी धारेची रेषा बरोबर होती. ही लहान गोष्ट नव्हे, पण तेवढीच. उरलेलं सगळं कापलेल्या तोंडावर वाचायचं असतं. प्रात्यक्षिकानंतर पुढे जाऊन तो तुकडा हातात घ्यावा. कापलेली बाजू सपाट असेल तर हात सरळ गेला. चमच्यासारखी खोलगट असेल तर मध्येच मनगट वळलं. गवताच्या काड्या ओढल्या गेल्या असतील, कड दातेरी असेल, तर धारेपेक्षा जोर जास्त झाला. गुंडाळीचा खालचा भाग खुंटीवर तसाच उभा असेल तर उत्तम. तो डोलत असेल किंवा खुंटीसकट पडला असेल, तर वार नव्हे, टोला बसला होता.

तिरपा वार सगळ्यांत सोपा. खालून वर जाणारा अवघड. पूर्ण आडवा वार सर्वांत अवघड, कारण उभी गुंडाळी ढकलली जाऊन आडवी होते. म्हणून जाणकार कापलेल्या तुकड्यांची संख्या मोजत बसत नाहीत. एकामागोमाग वार होत असतील तर दोन वारांमधली जागा पाहतात. पहिल्या वारानं शरीराचा तोल गेला आणि दुसरा वार त्या तोलाला सावरण्यासाठी झाला, की दुसरा वार स्वतंत्र, उभ्या शरीरातून आला? आवाजावरही विसंबू नये. पात्याला लांबीभर खोबण असेल तर ते हवेत जोरात सूं करतं. त्याच हातात खोबण नसलेलं पातं दिलं तर तो आवाज नाहीसा होतो. लोक त्या आवाजावर खूश होतात आणि काही मंडळी मुद्दाम तसली पाती निवडतात.

जोडीच्या डावांकडे प्रेक्षक सर्वांत कमी लक्ष देतात, आणि मला तेच सर्वांत श्रीमंत वाटतात. पंधराव्या शतकात इइझासा चोइसाई यांनी सुरू केलेली कातोरी शिंतो-र्‍यू ही परंपरा चिबा प्रांताची सांस्कृतिक ठेव म्हणून १९६० मध्ये घोषित झाली. तिचे जोडीचे काते लांबलचक आहेत; वारावर वार, अडवावर अडव. पहिल्यांदा पाहताना दोन माणसं काठ्या आपटत आहेत असं वाटतं. डोळा बसला की अंतर दिसू लागतं. दोघांमध्ये नेहमी तेवढीच जागा आहे, जिथून एका पावलात पोचता येतं. एक मागे सरकला की दुसरा त्याच क्षणी ती जागा भरतो. तलवारी आपटतात त्या जागी खरं तर शरीर असायला हवं होतं, शिकण्यासाठी तिथे लाकूड धरलेलं आहे, हेही उमगतं. आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. जुन्या परंपरांत हरणारी बाजू ज्येष्ठाकडे असते. गुरू वार करतो, चुकवला जातो आणि मरतो, शिष्य जिंकतो. गुरू आपल्या वारातून शिष्याला योग्य वेळ आणि योग्य अंतर देत असतो. म्हणून जोडीत कोण जास्त जाणतो हे ओळखायचं असेल तर हरणाऱ्याकडे पाहावं. त्याचा वार खरा आहे का, तो खरोखर पोचला असता का, हे पाहावं. समोरचा वार चुकवणार हे माहीत असूनही जो मनापासून मारतो, तो मोठा.

ही बारीक नजर जपानमध्ये आकाशातून पडली नाही. तिच्यामागे तुटलेपणाचा इतिहास आहे, आणि क्रौर्याचाही. इदो काळात, म्हणजे सामुराईंच्या राजवटीत, तलवारीची धार देहदंड दिलेल्या गुन्हेगारांच्या प्रेतांवर तपासली जाई. यामादा आसाएमोन या नावानं ओळखल्या जाणाऱ्या घराण्याचं ते वंशपरंपरागत काम होतं. निकाल मुठीच्या आत दडणाऱ्या भागावर सोन्यानं कोरला जाई, आणि लोहारांची त्यांच्या पात्यांच्या धारेनुसार प्रतवारी लावणारं पुस्तक १७९७ मध्ये निघालं. आजची भिजलेली चटई त्या प्रेतांच्या जागी आलेली आहे. हे विसरून तामेशिगिरीचं कौतुक करू नये असं मला वाटतं.

पुढे मेइजी सरकार आलं आणि सामुराईंचा पगार गेला. १८७३ मध्ये साकाकिबारा केनकिची या नामांकित तलवारबाजानं तोक्योत तिकीट लावून तलवारीच्या झुंजी भरवल्या. पोट भरण्यासाठी विद्येचा तमाशा झाला म्हणून त्यांच्यावर टीका झाली, पण त्या झुंजींनी कित्येक उपाशी शिक्षकांना जगवलं. १८७६ मध्ये सर्वसामान्य सामुराईला तलवार कमरेला लावायलाही बंदी आली. १८९५ मध्ये क्योतोत दाइ निप्पोन बुतोकुकाई ही संस्था निघाली आणि तिथे वेगवेगळ्या घराण्यांचे लोक एकमेकांसमोर आपली कला मांडू लागले. माझ्या समजुतीप्रमाणे पाहण्याचं शास्त्र इथे आकाराला आलं. प्रेक्षक आता तिकीट काढून आलेला गावकरी नव्हता, दुसऱ्या घराण्याचा जाणता माणूस होता. त्याच्यासमोर खोटं चालत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर ती संस्था विसर्जित झाली, तलवारी जप्त झाल्या, केंदोवर बंदी आली. १९५२ मध्ये केंदो महासंघ उभा राहिला आणि काही वर्षांनी इआइदोही त्याच्या छत्राखाली आलं. आज स्पर्धेत दोन खेळाडू एकाच वेळी शेजारीशेजारी आपापले काते करतात, साधारण सहा मिनिटांत पाच. तीन पंचांच्या हातांत लाल आणि पांढरे झेंडे असतात. बहुमतानं निकाल.

एवढी काटेकोर व्यवस्था असूनही या विद्येच्या चाहत्यांमध्ये कडाक्याची भांडणं आहेत, आणि वाचकानं ती समजून घ्यावीत. एक पक्ष म्हणतो, ज्यानं कधी काही कापलंच नाही त्याचे काते म्हणजे नाच. हे लोक १९२५ मध्ये तोयामा लष्करी शाळेत तयार झालेल्या पद्धतीचा आणि तिच्यातून पुढे आपली शाखा काढणाऱ्या नाकामुरा ताइझाबुरो यांचा दाखला देतात. दुसरा पक्ष म्हणतो, चटई उलटून वार करत नाही. चटई कापणाऱ्यांचे पाय पहा, उघडे पडलेले खांदे पहा, समोर माणूस असता तर हा पहिल्याच क्षणी मेला असता. माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे, पण पहिल्याचं एक म्हणणं मला नाकारता येत नाही. सरावाच्या बहुतेक तलवारी जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या, बिनधारेच्या असतात. त्यांच्यावर वीस वर्षं घालवलेल्या माणसाची धारेची रेषा चुकीची असू शकते आणि ते त्याला कधीच कळत नाही. वर्षातून काही वेळा कापून पाहणं हा त्यावरचा इलाज आहे. कापणं ही तपासणी म्हणून उत्तम. ध्येय म्हणून नव्हे.

दुसरं भांडण घराण्याचं. मेइजीच्या आधीपासून चालत आलेल्या परंपरांना मान आहे, आणि ज्याला गुरुपरंपरा सांगता येत नाही त्याचं प्रात्यक्षिक जाणकार पाच मिनिटांत मोडीत काढतात. भारतात हे फार कामाचं आहे, कारण एखादी चित्रफीत पाहून काळा हाकामा (घेरदार जपानी पायजमा) घालणारे आणि स्वतःला आचार्य म्हणवणारे आपल्याकडेही आहेत. तरीही मी म्हणेन, घराणं विचारा, पण आधी पहा. चांगल्या घराण्यातला आळशी शिष्य आणि अनोळखी घराण्यातला कष्टाळू शिष्य यांतला फरक वंशावळीत दिसत नाही, टाचेत दिसतो.

एक गोष्ट मात्र वादाच्या पलीकडची आहे. माणसाच्या पोटावर कलिंगड ठेवून, मानेवर काकडी ठेवून, डोळ्यांवर पट्टी बांधून केलेल्या वारांना टाळी देऊ नये. असे खेळ आपल्या देशात मार्शल आर्ट्‌सच्या नावाखाली सर्रास होतात, आणि खाली झोपलेलं बऱ्याचदा एखादं लहान मूल असतं. त्यात कौशल्य असेलही, पण धोका दुसऱ्याच्या देहावर टाकलेला असतो. शोभेच्या तलवारीही अशाच घातक. भिंतीवर लावायच्या स्टेनलेस स्टीलच्या पात्याची शेपटी मुठीत बारीक सळईसारखी जोडलेली असते. जोराच्या वारात ती तुटते आणि पातं प्रेक्षकांत जातं. पहिल्या रांगेतून उठून मागे जायचं की नाही, हे तलवार कसली आहे ते विचारून ठरवावं. आयोजकांनी हेही लक्षात ठेवावं की तलवार आपल्या शस्त्र नियमांत येते आणि ठिकाणानुसार परवान्याचा प्रश्न उभा राहू शकतो.

आता आपल्याकडे वळतो. मूसीकाठच्या सालारजंग संग्रहालयात जा. तिसरे सालारजंग मीर यूसुफ अली खान यांचा हा संग्रह १९५१ मध्ये लोकांसाठी खुला झाला. तिथल्या प्रसिद्ध घड्याळासमोरची गर्दी ओलांडून शस्त्रांच्या दालनात दख्खनी आणि मोगली पाती पहा, मग जपानी दालनात या. दोन्ही ठिकाणी पात्याच्या पोलादाकडे बघा. दख्खनी पात्यावरची पाण्यासारखी नक्षी मुशीत वितळवलेल्या पोलादातून येते. असं पोलाद आपल्या उत्तरेला, निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनसमुद्रममध्ये बनत असे आणि ते घ्यायला इराणातले व्यापारी तिथवर येत; एकोणिसाव्या शतकात हेन्री व्हॉयसी यानं ते डोळ्यांनी पाहून लिहून ठेवलं आहे. जपानी पात्याच्या धारेलगतची ढगांसारखी रेषा मातीचा लेप देऊन पाणी पाजल्यानं उमटते. तिथलं पारंपरिक पोलादही नाहीसं होण्याच्या बेतात होतं. १९७७ मध्ये तलवारींच्या जतनासाठी काम करणाऱ्या संस्थेनं शिमाने प्रांतात जुन्या पद्धतीची भट्टी पुन्हा पेटवली आणि तिचं पोलाद आजही देशभरच्या लोहारांना मिळतं. कोनसमुद्रमच्या भट्ट्या विझलेल्याच राहिल्या. लोहार, पाणी देणारा, चालवणारा आणि पाहणारा ही साखळी जपाननं जपली; आपल्याकडे तिची एकेक कडी गळत गेली.

हे लिहिताना जीव तुटतो, कारण आपल्याकडे भाषा होती. कोल्हापूरच्या तालमींनी मर्दानी खेळ आजवर टिकवले आहेत. २०२४ च्या शिवजयंतीला महाराष्ट्र सरकारनं दांडपट्टा हे राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी परदेशी प्रेक्षकांपुढे आपले खेळ करून दाखवले. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनी संपादित केलेल्या व्यायाम ज्ञानकोशाच्या खंडांत फरी-गदगा (छोटी ढाल आणि काठी), पट्टा, लाठी यांचे हात तपशिलानं दिले आहेत. वारांना नावं होती: शीर, तमाचा, बाहेरा, कडक, पालट. पवित्रा कसा टाकावा, हूल कुठे द्यावी, सगळं बोललं जात होतं. आज मिरवणुकीत पट्टा फिरताना यातला कोणता हात झाला हे सांगणारा प्रेक्षक शोधावा लागतो.

जपानी मोजपट्टी जशीच्या तशी उचलून आपल्या खेळांना लावा, असं मी म्हणत नाही. ती चूक ठरेल. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते, मनगट आत बंद होतं, आणि सरळ, लवचीक, दुधारी पातं खांद्यातून आणि कमरेतून फिरतं. ते थांबवायचं नसतंच. चारी बाजूंनी घेरलेल्या माणसाला सतत फिरतं चक्र हाच आसरा. जपानी जाणकाराला पट्ट्याची गिरकी उधळपट्टी वाटेल. कोल्हापूरच्या वस्तादाला जपानी थांबणं घातक वाटेल. दोघेही आपल्या हत्याराच्या जागी बरोबर आहेत. तलवार आणि ढाल घेऊन खेळणाऱ्याचं पायांचं वर्तुळ, चकतीच्या मुठीनं बांधलेलं मनगट, ओढून घेतलेला वार, यांचीही स्वतःची कसोटी असणार. प्रश्न हा आहे की पट्टा चांगला फिरला म्हणजे काय झालं? चक्र कुठे उघडं पडलं? दिशा बदलताना पाय आधी गेला की पातं? तळहातावरचं लिंबू कापताना वार नेमक्या खोलीवर थांबला की हात खाली झुकला? गतक्याला आणि केरळच्या कळरीपयट्टूला २०२२ मध्ये झालेल्या खेलो इंडिया स्पर्धांत जागा मिळाली, म्हणजे त्यांच्या पंचांना ही उत्तरं शोधावी लागत आहेत. मर्दानी खेळांच्या मंडळींनीही ती शोधावीत, आणि जपानी नोंदींच्या धर्तीवर, एकेका हातासाठी दोन-तीन ओळींत, लिहून काढावीत.

पुस्तक वाचण्याच्या क्रमाविषयी थोडंसं. कापण्याच्या प्रकरणापासून सुरुवात करण्याचा मोह होईल. जोडीच्या कात्यांचं प्रकरण आधी वाचावं, कारण अंतर कळल्याशिवाय बाकीचं अर्धवट राहतं. चित्रांमध्ये पायांची चित्रं मुद्दाम मोठी दिली आहेत. प्रात्यक्षिकाला जाताना एका वेळी एकच गोष्ट ठरवून पाहावी: आज फक्त डावा हात, पुढच्या वेळी फक्त नजर. शेवटच्या प्रकरणात फरी-गदगा आणि पट्ट्याच्या हातांची नावं एका रकान्यात छापली आहेत आणि समोरचा रकाना मोकळा सोडला आहे. तुमच्या गावात, तालमीत, घरातल्या म्हाताऱ्या माणसांत ज्यांनी हे हात केले किंवा जवळून पाहिले असतील, त्यांना गाठा. तमाचा बरोबर बसला हे कशावरून ओळखायचं, पालट कुठे चुकतो, हे त्यांना विचारा आणि त्यांच्याच शब्दांत तिथे लिहा. पुढच्या आवृत्तीत तो रकाना भरून छापायचा आहे, आणि तो तुम्ही पाठवलेल्या मजकुरानंच भरेल.